फासा एक, नियम किती?

रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या तलावात स्वामी विवेकानंदांचा मोठा पुतळा आहे. १८७७ ते १८७९ या काळात लहानग्या नरेंद्रचं कुटुंब रायपुरात राहत होतं. इथेच तो बुद्धिबळ शिकला, असं चरित्रकार सांगतात.

बुद्धिबळात पट असतो, चाली ठरलेल्या असतात. पण सुट्टीत तुमची मुलं जो रोल प्लेइंग गेम मागताहेत, त्यात पट नसला तरी चालतो. एकानं सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि गोष्ट सगळ्यांनी मिळून पुढे न्यायची. एखादं काम जमलं की फसलं, ते फासा सांगतो. मग प्रश्न येतो, थोड्या नियमांचा खेळ घ्यावा की भरपूर नियमांचा?

या प्रकारातला पहिला छापील खेळ, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, १९७४ साली अमेरिकेत तीन छोट्या पुस्तिकांत आला. आज त्याची मुख्य पुस्तकं तीनच आहेत, पण प्रत्येक तीनशेहून जास्त पानांचं! दुसऱ्या टोकाला जॉन हार्परचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’. त्याचे सगळे नियम एका पानावर मावतात. २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. डोक्यानं करायचं काम असेल तर फासा त्याहून कमी पडायला हवा, मनाचं असेल तर जास्त.

आपल्याला ही निवड नवी नाही. घरात पाहुणे आले की बदाम सात निघतो, नेहमीचे चौघे जमले की ब्रिज.

तरीही ‘सोपं तेच बरं’ असं लगेच ठरवू नका. नियम कमी, तितके निर्णय सूत्रधाराच्या अंगावर. मग ‘बाबा, तुम्ही दादालाच जिंकवता!’ हे ऐकावं लागतं. जो मोठ्यानं बोलतो, त्याचंच पात्र सगळं करतं. गप्प बसणाऱ्या मुलीच्या कागदावर मात्र ‘कुलूप उघडता येतं’ असं लिहिलेलं असेल, तर तिला वाद घालावा लागत नाही. तिची पाळी आली की तिचा शब्द चालतो. चांगला नियम अबोल माणसाची बाजू घेतो.

म्हणून आधी तीन गोष्टी पाहा. वेळ किती आहे? सगळ्यांत लहान खेळाडू केवढा आहे? आणि हीच मंडळी पुन्हा जमणार आहेत का? एकच संध्याकाळ असेल आणि आजीही खेळणार असतील, तर एक पान पुरे. दर रविवारी तेच पाच जण बसणार असतील, तर जाड पुस्तकाचे कष्ट वाया जात नाहीत.

सुरुवातीला एवढंच करा. एक फासा टाका, ४ किंवा जास्त पडला तर काम जमलं. पात्र त्या कामात तरबेज असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा धरा. जमण्याची शक्यता निम्म्यावरून पाऊणावर जाते. पाळी मात्र प्रत्येकाला द्यायचीच. पुढचा नियम वाद होईल तेव्हा, सगळ्यांनी मिळून, वहीत लिहा. वही भरत गेली, तर तुमचं घर मोठ्या पुस्तकासाठी तयार झालं म्हणायचं.