बाबांचा जाडजूड ऑस्कर वाइल्ड

दांडिया बाजारातलं घर रिकामं करताना पुस्तकांची वाटणी झाली. ज्ञानेश्वरीसाठी तिघे पुढे आले, ऑस्कर वाइल्डच्या समग्र साहित्याचा ग्रंथ मात्र कुणालाच नको होता. "केवढा जाड! आणि तो माणूस तुरुंगात गेला होता ना?" वहिनी म्हणाल्या. मी घेऊन आलो.

लहानपणी गच्चीवर बाबा त्यातली सुखी राजपुत्राची गोष्ट मराठीत सांगायचे. पुतळ्याच्या अंगावरचं सोनं एक पक्षी गरिबांकडे पोचवतो, ती. (पक्षी मुळात पाकोळी, पण बाबांनी आमच्यासाठी त्याची चिमणी केली होती.) पुढे लेखकाचं काय झालं विचारलं, की उत्तर ठरलेलं: "पॅरिसला आजारी पडून गेला."

ते खरंच, पण मधली पाच वर्षं बाबा गाळायचे. 1895 च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्याची दोन नवी नाटकं लंडनला लागली, लोक हसून बेजार. एप्रिलमध्ये पुरुषांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून अटक झाली. नाटक चालू राहिलं आणि जाहिरातीतून नाटककाराचं नाव गेलं! मेमध्ये दोन वर्षं सक्तमजुरी. बायकोने स्वतःचं आणि मुलांचं आडनाव बदलून हॉलंड केलं. धाकटा विव्हियन तेव्हा आठ वर्षांचा. पुढे परदेशातल्या शाळेत दोघा भावांना आपल्या क्रिकेटच्या कपड्यांवर जुन्या नावाच्या पट्ट्या दिसल्या, त्या त्यांनी लपूनछपून कापून काढल्या. वडिलांची भेट पुन्हा कधीच झाली नाही.

बाबांची प्रत 1966 ची आहे. तिची प्रस्तावना याच विव्हियन हॉलंडची. बापाचं नाव कपड्यांवरून कापायला लागलेल्या मुलाने म्हातारपणी बापाच्या समग्र ग्रंथाला आपलं नाव दिलं, तेही बदललेलं.

हल्ली वाइल्ड म्हणजे रोज सकाळी मोबाईलवर येणारी चटपटीत वाक्यं, त्यातली निम्मी त्याची नसतातच. आमच्या एका नातलगांचं म्हणणं, नातवंडांना नाटकं आणि गोष्टी द्याव्यात, तुरुंगाचं प्रकरण कशाला? मला हे साफ नामंजूर आहे. सुटल्यावर लगेच, 1897 मध्ये, त्याने वर्तमानपत्राला एक मोठं पत्र लिहिलं. तुरुंगातल्या भुकेल्या लहान मुलाला बिस्किटं दिली म्हणून एका पहारेकऱ्याची नोकरी गेली होती, त्याबद्दल. राजपुत्राची गोष्ट लिहिणारा आणि हे पत्र लिहिणारा माणूस एकच. मुलांनी दोन्ही वाचावं. अर्धा वाइल्ड देणं म्हणजे पुन्हा जाहिरातीतून नाव काढणंच की!

हे इतकं लागून का बोलतोय, तेही सांगतो. आमच्या दिवाणखान्यात 1958 सालचा आत्याच्या लग्नाचा फोटो होता. डावीकडची कड कातरलेली, कुणाच्या तरी खांद्यावर एक हात तेवढा राहिलाय. तो हात आबाकाकांचा, बाबांच्या धाकट्या भावाचा. त्यांनी काय केलं होतं, कुठे गेले, घरात कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही, ही माझी चूक. बाबा गेले तेव्हा हा ग्रंथ त्यांच्या उशाशी होता.

लग्न वाड्यातच झालं होतं, फोटोच्या प्रती बऱ्याच घरी वाटल्या होत्या. मंडळी, बडोद्यात किंवा इंदूरला कुणाच्या आजीच्या पेटीत न कातरलेली प्रत असेल, तर जरूर कळवा.