एक जून, काकी आणि पार्ट टू ऑर्डर

गेले तीन शनिवार मी एकच काम करतोय. ट्रेक नाही, सिनेमा नाही, राहिलेली झोपसुद्धा नाही. मी काकींचं नाव दुरुस्त करतोय. म्हणजे काकी ठीक आहेत हो, नावही छान आहे. चुकलंय ते लष्कराच्या कागदावर.

नाना माझे सख्खे चुलते. सातारा जिल्ह्यातले. १९७७ ला भरती झाले, १९९४ ला नाईक म्हणून पेन्शनवर घरी आले. १९८२ साली त्यांचं लग्न झालं, तेव्हा रजा संपवून युनिटात गेल्यावर त्यांनी रीतसर नोंद केली. काकींचं माहेरचं नाव हौसाबाई. नोंद करणारा क्लार्क उत्तरेकडचा असावा, त्याने लिहिलं 'हौसा देवी'. इकडे आपल्या पद्धतीप्रमाणे लग्नात तांदळात नाव लिहिलं गेलं 'सुनीता'. आधार कार्डावर, मतदार यादीत, बँकेत सगळीकडे सुनीताच. थोडक्यात, सरकारदरबारी नानांना तीन बायका आहेत!

हे काकींना सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तिघींत मिळून एक तरी पेन्शन गावंल का रं?"

हसलो सगळे. पण प्रश्न नेमका तोच आहे. नाना आहेत तोवर काही अडत नाही, पेन्शन त्यांच्या नावावर महिन्याच्या महिन्याला येते. अडतं ते नंतर. कौटुंबिक पेन्शन कागदावरच्या 'हौसा देवी'ला मिळणार, आणि बँकेत अंगठा लावायला जाणार सुनीता. आमच्याच आळीत एका बाईंची पेन्शन नावातल्या अशाच फरकापायी चौदा महिने अडली होती. थकबाकीसकट मिळाली नंतर, पण तोवर दावणीची म्हैस गेली होती. मार्चमध्ये नानांची अँजिओप्लास्टी झाली आणि मला घाई सुटली.

जन्मतारखेची गंमत वेगळीच. कागदावर काकींचा जन्म १ जून १९६२. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट लावलेली तारीख म्हणजे एक जून. मागच्या पिढीतली निम्मी मराठी माणसं त्या दिवशी जन्मल्यासारखी वाटतात. ज्यांना माहितीच नव्हती त्यांच्या आधारवर पडला १ जानेवारी. आपल्या भाषेत, दोन सिस्टिम्स आणि दोघींची डिफॉल्ट व्हॅल्यू वेगळी. काकींच्या आधारवर १ जानेवारी १९६४ आहे. खरा जन्म कधीचा? "शिमग्याच्या आसपास," असं त्यांची आई सांगायची. म्हणजे दोन्ही तारखा चूक. तरीही दोन्ही कागदांवर सही-शिक्का आहेच.

आता पद्धत सांगतो, तुमच्यापैकी कुणाला तरी लागेल. जवान आणि जेसीओंच्या नोंदी त्या त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. तिथे अर्ज जातो, शक्यतो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. आमच्याकडे मागितलं ते असं : डिस्चार्ज बुकाची प्रत, पीपीओ, दोघांचं आधार आणि पॅन, जोडफोटो, वर्तमानपत्रातली नाव बदलाची जाहिरात आणि नानांचं प्रतिज्ञापत्र. रेकॉर्ड ऑफिसला पटलं की ते 'पार्ट टू ऑर्डर' प्रसिद्ध करतात. त्यानंतर प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयातून सुधारित पीपीओ निघतो. 'स्पर्श' ही ऑनलाइन व्यवस्था आल्यापासून तिथेही माहिती जुळायला लागते.

घोडं अडलं प्रतिज्ञापत्रावर. नाना बिथरले. "चूक त्यांच्या कारकुनाची, आणि शपथ मी घ्यायची? मी काय चोरी केली?" दोन दिवस सही केली नाही. शेवटी सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी समजावलं तेव्हा केली. अर्ज गेला. दोन महिन्यांनी परत आला! का, तर प्रतिज्ञापत्रात 'हौसाबाई ऊर्फ सुनीता' होतं, 'हौसा देवी' नव्हतं. म्हणजे त्यांची चूक आपण शपथेवर, जशीच्या तशी लिहून द्यायची. पुन्हा स्टॅम्प पेपर, पुन्हा नोटरी, पुन्हा माझा शनिवार.

मी चिडलो होतो, पण इंजिनियरची खोड जात नाही. विचार करायला लागलो की नक्की बग कुठे आहे?

पार्ट टू ऑर्डर ही मुळात फार सुंदर गोष्ट आहे. लग्न झालं, मूल झालं, बढती मिळाली, की प्रत्येक घटनेचा क्रमांक आणि तारखेसह हुकूम निघतो. जुनी नोंद खोडायची नाही, नवी घटना खाली जोडायची. आपण व्हर्जन कंट्रोलमध्ये जे करतो, ते लष्कर कागदावर कधीपासून करतंय. म्हणजे डिझाइन उत्तम. घोटाळा आहे तो त्या नोंदीच्या नकलांत. डिस्चार्ज बुक ही एक नक्कल, पीपीओ दुसरी, बँकेतली तिसरी, 'स्पर्श'मधली चौथी. मूळ बदललं की सगळ्या नकला बदलाव्यात, अशी सोय मात्र कागदाच्या काळात नव्हतीच. प्रत्येक नक्कल स्वतःला अस्सल समजते. त्यांना जुळवण्याचं काम म्हाताऱ्या माणसावर येतं, आणि त्याच्याकडे साधन काय, तर झेरॉक्स!

आणि हे फक्त नाईकाच्याच नशिबी नाही बरं का. जनरल व्ही. के. सिंग लष्करप्रमुख होते तेव्हाचा वाद आठवतो? लष्कराच्याच एका शाखेत त्यांचं जन्मसाल १९५१ आणि दुसऱ्या शाखेत १९५०. दहावीच्या प्रमाणपत्रावर १९५१, एनडीएच्या अर्जावर १९५०. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली आणि ३१ मे २०१२ ला ते निवृत्त झाले. कोण बरोबर हा वाद मला घालायचा नाही. पण देशाच्या लष्करप्रमुखाची जन्मतारीख एकाच संस्थेच्या दोन कपाटांत दोन असू शकते, तर साताऱ्याच्या हौसाबाईंचं काय घेऊन बसलात?

आता दुसरी बाजूही बघू. नियम कडक आहेत ते उगाच नाहीत. बायकोचं नाव एका क्लिकवर बदलता आलं असतं, तर किती खऱ्या बायकांची नावं गुपचूप पुसली गेली असती, कल्पना करा. जन्मतारखेवर निवृत्ती ठरते, म्हणून नोकरीच्या शेवटी शेवटी ती बदलायला न्यायालयंही सहसा तयार होत नाहीत. पुरावा मागणं बरोबरच आहे. माझा आक्षेप इतकाच की स्पेलिंगची चूक आणि माणसाची अदलाबदल यांना एकच औषध कशाला? 'हौसाबाई'ची 'हौसा देवी' झाली ही कारकुनी चूक आहे. जोडफोटो त्यांच्याच फायलीत आहे, मुलांच्या जन्माच्या नोंदी त्यांच्याच फायलीत आहेत. आधी स्वतःचं कपाट उघडून बघा, मग आम्हाला नोटरीकडे पाठवा.

अमेरिकेत १९४६ च्या कायद्यानंतर लष्करी नोंदी दुरुस्त करायला बिगर-लष्करी लोकांची मंडळं बसवली गेली. 'डीडी फॉर्म १४९' भरायचा, पुरावे जोडायचे. चूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, पण न्यायासाठी मंडळ ती माफ करू शकतं. वारसही अर्ज करू शकतात. तिकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या नोंदणी केंद्राला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. त्यांच्या ना दुसऱ्या प्रती होत्या, ना मायक्रोफिल्म. बॅकअपच नाही! मग अनेकांना घरच्या ट्रंकेतल्या कागदांचाच आधार उरला. आपल्याकडे ती ट्रंक काळी असते आणि माळ्यावर असते, एवढाच फरक.

पण मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रतिज्ञापत्राच्या वेळी मी काकींना डिस्चार्ज बुकातलं ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवलं आणि विचारलं, "ही मी व्हय?" १९८२ पासून त्यांचं नाव, त्यांची तारीख, त्यांचा म्हातारपणचा आधार या कागदावर आहे. तो त्यांनी पाहिला या वर्षी. नोंद त्यांची, अर्जदार कायम नाना. चाळीस वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नाही की बाई, तुमचं नाव हेच ना?

म्हणून माझं मागणं साधं आहे. जवानाला निरोप देण्याआधी त्याच्या घरच्यांच्या नोंदीची प्रत त्याच्या भाषेत छापून घरी पाठवा, बायकोला वाचू द्या आणि तिची सही घ्या. एका पानाचा खर्च. आपण रिलीजच्या आधी युजरला स्क्रीन दाखवतो ना, तसं.

ते होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या घरात कुणी फौजी असतील, वडील, मामा, सासरे, तर पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा ट्रंक खाली काढा. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि आधार शेजारी शेजारी ठेवा. नाव, तारीख, स्पेलिंग जुळवा. ते हयात असताना सही पाच मिनिटांत होते. नंतर ती कोण करणार?

आमचा दुसरा अर्ज परवा गेला. तिन्ही नावांसकट. नानांनी या वेळी सही गुपचूप केली आणि पेन काकींच्या हातात दिलं. "तूही कर," म्हणाले. प्रतिज्ञापत्रात तिच्या सहीला जागा नव्हती. तरी त्यांनी केली, समासात. सुनीता.

बघू, त्यावरून परत येतो की काय!