राज्य सांभाळायचे तर...

संगणकावरील लढाईच्या खेळांवर बंदी घाला, असा आग्रह पालक सभेत झाला. आम्हाला वाटते, आधी तो खेळ समजून घ्यावा.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा १९९९ सालचा खेळ मुले आजही ऑनलाइन खेळतात. मध्ययुगातील राज्य, सुरुवातीला तीन गावकरी व एक टेहळ्या. प्रत्येक नव्या गावकऱ्यामागे ५० अन्न खर्च होते. पुढच्या युगात जायला ५०० लागते. सारे अन्न सैन्यावर उधळले तर प्रगती खुंटते. सारे शेतीत व सुधारणांत घातले, तर शत्रू दारात आल्यावर हाती भालाही नसतो. धान्य, विद्या आणि शस्त्र यांचा मेळ घालणाराच टिकतो.

मुलांनो, हा हिशेब तुम्हाला तोंडपाठ आहे. मग झोप, अभ्यास आणि मैदान यांचा हिशेब का चुकावा? खेळात हरलात तर नवा डाव मांडता येतो. दहावीचे वाया गेलेले वर्ष परत मिळत नाही.

पालकांना विनंती, बंदीऐवजी वेळ ठरवून द्या. एकदा मुलाशेजारी बसा आणि विचारा, ‘आज अन्न कुठे खर्च केलेस?’ बोलणे तिथूनच सुरू होईल.