जुन्या चर्चची यात्रा : वास्तूची की धर्मग्रामाची?

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन जुने गोवे येथे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात भाविकांना खुले होते. पाठोपाठ २०२५ चे ज्युबिली वर्ष 'आशेचे यात्रेकरू' या ब्रीदवाक्याने साजरे झाले. कोल्हापूरच्या कॅथलिकांना घाट उतरला की कोकण आणि पुढे गोवा जवळच. म्हणूनच आपण जुन्या चर्चला कशासाठी जातो, याचा विचार अगत्याचा वाटतो.

युरोपातील खेड्यांमध्ये मध्ययुगात बांधलेली असंख्य चर्च उभी आहेत. परंतु उपासक घटल्याने त्यांपैकी अनेकांची दारे बंद होत आहेत. इंग्लंडमध्ये अशा बंद पडलेल्या अँग्लिकन चर्चच्या रक्षणासाठी १९६९ साली स्वतंत्र न्यास स्थापन झाला. आज सुमारे साडेतीनशे वास्तू त्याच्याकडे आहेत. उपासना थांबलेल्या चर्चचे पुढे काय करावे, यावर रोममध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये परिषदही झाली.

आपल्याकडील जुनी चर्च प्रामुख्याने सोळाव्या शतकापासूनची. त्यांची कहाणीही हेच सांगते. १५३४ साली पोर्तुगीजांकडे आलेली वसई १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकली. किल्ल्यातील चर्च आज छपराविना उभी आहेत. मात्र सांडोर व नंदाखाल या सोळाव्या शतकात मूळ असलेल्या धर्मग्रामांत आजही मिस्साबलिदान अर्पण होते. जुने गोवे येथील संत ऑगस्टीन मठ १८३५ साली संन्यस्त संघांवरील बंदीमुळे ओस पडला आणि १८४२ साली तेथील चर्चची कमान कोसळली. उलट, मांडवीकाठी फ्रान्सिस्कनांनी १५५५ साली उभारलेल्या रेईश मागूश चर्चमध्ये तीन राजांचा सण गावकरी आजही साजरा करतात.

पडझडीची कारणे युद्ध व सत्तांतर ही होती, हे खरे. पण गेलेले छप्पर पुन्हा घालणारा समुदाय जेथे उरला नाही, तेथे भग्नावशेषच राहिले. कोकण-गोव्याच्या पावसात जांभ्याच्या भिंतींना चुन्याच्या गिलाव्याचे आवरण लागते. बॉम जेझू बासिलिकेचा बाहेरील गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला. तेव्हापासून पावसाने दगडाची झीज चालू आहे. दुसरीकडे, सद्हेतूने लावलेले सिमेंट ओल आतच कोंडून ठेवते. कौले, पन्हळी व गिलावा यांची काळजी दरवर्षी घ्यावी लागते, आणि ग्रामीण भागात तो भार मूठभर कुटुंबांवर पडतो.

यात्रेकरूंची गर्दी म्हणजे आपोआप मदत नव्हे. मिस्सा चालू असताना छायाचित्रे काढणारा जमाव गावाला उपद्रवच ठरतो. म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रसिद्ध स्थळांच्या जोडीला प्रत्येक यात्रेत एक ग्रामीण धर्मग्राम ठेवावा. तेथील धर्मगुरूंना आगाऊ कळवावे, गावकऱ्यांसमवेत मिस्सात सहभागी व्हावे, चर्च कोण व कसे सांभाळते हे विचारावे आणि डागडुजीच्या निधीत यथाशक्ती भर घालावी.

२००५ साली स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात कोल्हापूर जिल्हा कोकणाशी जोडलेला आहे. हे नाते केवळ नकाशावर राहू नये. पूर्वजांनी बांधलेल्या भिंतींना आपल्या कौतुकापेक्षा आपल्या प्रार्थनेची आणि हातभाराची अधिक गरज आहे.