दातांना तारा, ओठांशी बासरी

अमरावती-अकोल्यातल्या शाळांमध्ये दातांना तारा लावलेली मुले आता नवलाची राहिलेली नाहीत. सहावी-सातवीपासून दहावीपर्यंतचे वय हे या उपचाराचे नेहमीचे वय. नेमके याच वयात कुणी बासरीच्या क्लासला जात असतो, कुणी शाळेच्या बँडमध्ये असतो, तर कुणी घरच्या बँड पार्टीत वडील-काकांच्या मागे उभा राहून क्लॅरिनेट शिकत असतो. तारा बसल्यावर पहिल्याच दिवशी वाद्य ओठांना लावले की सूर फुटत नाही, ओठ आतून सोलतो, आणि घरात प्रश्न उभा राहतो : आता वाजवणे बंद करायचे का?

याची दोन उत्तरे ऐकायला मिळतात. एक, ‘तारा निघेपर्यंत वाद्याला हात लावू नको.’ दुसरे, ‘काही होत नाही, वाजव बिनधास्त.’ दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. तारांचा उपचार साधारण दीड ते दोन वर्षे, कधी त्याहून जास्त चालतो. शिकण्याच्या वयात एवढा खंड पडला तर वाद्य बहुधा कायमचे सुटते. उलट काहीच तयारी न करता वाजवत राहिले तर तोंडात जखमा होतात आणि मूल कंटाळून एक तर वाद्य सोडते, नाहीतर तारा काढून टाकण्याचा हट्ट धरते. खरे उत्तर ‘वाद्य कोणते?’ या प्रश्नापासून सुरू होते.

प्रत्येक वाद्य तोंडाला वेगळे भिडते

फुंकून वाजवायच्या वाद्यांना आपल्याकडे सुषिर वाद्ये म्हणतात. त्यांचे ओठांशी आणि दातांशी असलेले नाते सारखे नसते. अमेरिकेतील एडवर्ड स्ट्रेयर या दंततज्ज्ञाने १९३९ मध्ये या नात्यावरूनच वाद्यांचे चार गट पाडले होते. दंतशास्त्रात आजही तीच विभागणी वापरली जाते.

पहिला गट ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा. धातूची वाटी दोन्ही ओठांवर दाबून धरावी लागते. ओठ मध्ये आणि मागे तारेचे ब्रॅकेट, त्यामुळे सर्वांत जास्त त्रास याच वादकांना होतो. दुसरा गट एका पत्तीच्या वाद्यांचा, म्हणजे क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन. यात वरचे पुढचे दात थेट मुखनळीवर टेकतात आणि खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून पत्तीखाली उशीसारखा ठेवला जातो. खालच्या दातांवर ब्रॅकेट असतील तर याच ओठाला आतून टोचतात. शिवाय तारा घट्ट केल्यावर वरचे दात दुखरे असतात आणि मुखनळीचा साधा स्पर्शही नकोसा होतो.

तिसरा गट दुहेरी पत्तीचा. आपली सनई यात येते. दात पत्तीला लागत नाहीत, दोन्ही ओठ तिला धरून ठेवतात. पण सनईवादक श्वास न तोडता वाजवण्यासाठी गालात हवा साठवतो. गाल सतत फुगतात, दबतात आणि दाढांवरच्या कड्यांना, तारेच्या टोकांना आतून घासतात. त्यामुळे सनईवाल्याची जखम बहुधा ओठापेक्षा गालाला होते.

चौथा गट बासरीचा. बासरी ओठाला फक्त टेकते, दाब नगण्य असतो. म्हणून तारांसोबत वाजवायला ती तुलनेने सोयीची. तरीही सुरुवातीला सूर बिघडतो. ब्रॅकेटची जाडी दोन-तीन मिलिमीटरच असते, पण तेवढ्याने ओठ पुढे ढकलला जातो आणि फुंकेचा झोत छिद्राच्या कडेवर पडायचा कोन बदलतो. मंद्र आणि मध्य सप्तक लवकर जमते. तार सप्तकाला ओठांमधली फट बारीक आणि झोत वेगवान लागतो, म्हणून ते सर्वांत उशिरा परत येते. पन्नालाल घोष यांच्यामुळे मैफलीत रुळलेल्या लांब बासरीला तर फुंकेवर जास्तच ताबा लागतो. अशा वेळी लहान बासरीवर काही आठवडे सराव करून मग मोठीकडे वळणे सोपे जाते.

वाद्यामुळे दात पुढे येतात का?

अनेक घरांत उलटी भीती असते. बासरी वाजवल्याने दात पुढे येतात, किंवा वाजवत राहिले तर तारांचा खर्च वाया जातो, असे सांगितले जाते. यासाठी दात मुळात सरकतात कसे, हे पाहायला हवे.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा अगदी पातळ थर असतो. तार दाताला हलका पण अखंड दाब देते. ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड पेशी हळूहळू विरघळवतात, मागच्या बाजूला ताण पडतो तिथे नवे हाड भरते. अशा रीतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. इथे जोरापेक्षा वेळ महत्त्वाचा असतो. दिवसातून काही तास सलग दाब राहिला तरच ही प्रक्रिया चालू होते. तास-दीड तासाचा रियाज त्या मानाने थोडा असतो आणि त्यातही मध्ये मध्ये ओठ सुटतात.

म्हणून बासरीने दात पुढे येतात या समजुतीला आधार नाही. क्लॅरिनेट-सॅक्सोफोनचा जोर मात्र वरच्या दातांना बाहेर आणि खालच्यांना आत ढकलणारा असतो. रोज अनेक तास, वर्षानुवर्षे वाजवणाऱ्यांत त्याचा थोडा परिणाम होतो का, यावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. मुलाचे वरचे दात आधीच खूप पुढे असतील, तर तो कोणते वाद्य वाजवतो हे डॉक्टरला कळणे उपयोगाचे असते. वाद्य बंद करण्याची गरज सहसा नसते. उपचाराची आखणी आणि नंतर लावायच्या रिटेनरचा निर्णय मात्र त्यावरून बदलू शकतो. तसेच, योग्य वाद्य निवडले की तारा लागत नाहीत हेही खरे नाही. वाद्य हा तारांना पर्याय नव्हे.

चातुर्मासाचा हिशेब

ज्यांच्या घराचे पोट बँडवर चालते, त्यांच्यासाठी हा प्रश्न छंदाचा राहत नाही. वऱ्हाडात तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि आषाढी एकादशीला थांबते. डीजेमुळे आधीच सुपाऱ्या कमी झालेल्या असताना, ऐन मोसमात क्लॅरिनेटवाला ओठ सुजून बसला तर त्याची मजुरी जाते आणि पार्टीचे गाणेही अडते. त्यामुळे अशा घरात तारांचा विचारच टाळला जातो, किंवा तारा लावलेल्या मुलाला वाजवण्यातून बाजूला केले जाते.

इथे पंचांग उपयोगी पडते. तारा आषाढीच्या पाठोपाठ बसवल्या तर पुढचे जवळपास चार महिने लग्ने नसतात. गणपती आणि नवरात्रातली कामे असतात, पण ती रोजची, तासन्तासांची नसतात. ओठ-गालांना तारांची सवय व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात आणि फुंक पूर्वीसारखी व्हायला त्याहून थोडा जास्त वेळ. कार्तिकीपर्यंत बहुतेकांचे बस्तान बसते. शाळकरी मुलांसाठीही हाच हिशेब, फक्त तारखा वेगळ्या. २६ जानेवारीच्या संचलनात बँडमध्ये वाजवायचे असेल तर जानेवारीत तारा बसवू नयेत. संगीताची परीक्षा असेल तर ती आटोपल्यावर सुरुवात करावी.

दर चार ते सहा आठवड्यांनी तार बदलली किंवा घट्ट केली जाते. त्यानंतरचा पहिला दिवस सर्वांत दुखरा असतो, मग तीन-चार दिवसांत दुखणे उतरते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीची अपॉइंटमेंट पुढे ढकलावी, हे साधे सूत्र. पण अपॉइंटमेंट बुडवू नये, नाहीतर उपचार लांबतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तारा निघतात त्या दिवशी फुंक पुन्हा बिघडते. दीड-दोन वर्षे ओठांनी ब्रॅकेट धरून शिकलेले असते, आता दात एकदम गुळगुळीत आणि नव्या जागी असतात. ही सवय लवकर होते, पण स्पर्धेच्या आठवड्यात तारा काढून घेणे शहाणपणाचे नाही.

मेण, पत्ती आणि खर्रा

रोजच्या त्रासावर उपाय साधे आहेत. दातांच्या दवाखान्यात आणि औषधांच्या दुकानात तारांसाठीचे खास मेण मिळते. वाजवण्याआधी टोचणारे ब्रॅकेट कोरडे करून त्यावर मेणाची छोटी गोळी दाबून बसवायची आणि वाजवून झाल्यावर काढून टाकायची. पितळी वाद्ये आणि क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांसाठी ब्रॅकेटवर बसणारी मऊ पट्टीही मिळते. क्लॅरिनेटच्या मुखनळीवर रबराची चकती चिकटवली तर दुखऱ्या दातांना हादरे कमी बसतात, आणि काही आठवडे एक नंबर नरम पत्ती वापरली तर ओठांवर जोर कमी लागतो. सुरुवातीला दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून वाजवावे. फोड आला तर कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. दोन आठवड्यांत न भरणारी जखम डॉक्टरला दाखवलीच पाहिजे. तारेचे टोक बाहेर आले तर घरी नेलकटर लावू नये, मेण लावून दवाखाना गाठावा.

दातांच्या आतून लावायच्या तारा दिसत नाहीत आणि ओठांना लागत नाहीत, पण जिभेला लागतात. सुषिर वादक अनेकदा सूर जिभेने तोडतो, म्हणून त्या निवडताना विचार करावा. पारदर्शक, काढता येणारे अलाइनर दिवसाचे वीस-बावीस तास घालावे लागतात. रियाजासाठी काढले तर तो वेळ त्यातूनच जातो. दोन तास वाजवणाऱ्याने जेवणाचा वेळ धरून हा हिशेब आधीच करावा.

विदर्भात एक इशारा वेगळा द्यावा लागतो, तो खर्ऱ्याचा. सुपारीच्या कडक तुकड्यांनी ब्रॅकेट उखडतात, पण ते नुकसान किरकोळ म्हणावे असे पुढचे आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा हळूहळू ताठ होते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला तंबाखूविनाही कर्करोगकारक ठरवले. तारांचा त्रास काही आठवड्यांचा असतो. ताठरलेला गाल मात्र पुन्हा फुगत नाही, आणि गाल फुगला नाही तर सनई वाजत नाही.

केस पेपरवरची एक ओळ

तारा बसवण्याचे काम दंतवैद्यकाची पदवी घेतल्यानंतर तीन वर्षांचे विशेष शिक्षण घेतलेला ऑर्थोडॉन्टिस्ट करतो. अमरावती आणि अकोल्यात दंत महाविद्यालये आहेत, नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. खासगी दवाखान्याचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबांनी तिथे चौकशी करायला हवी. कुठेही गेले तरी केस पेपरवर वय, आजार, औषधे लिहिली जातात. ‘वाद्य वाजवता का? कोणते? रोज किती वेळ?’ हे मात्र सहसा विचारले जात नाही, आणि पालकही सांगत नाहीत.

या एका ओळीने पुष्कळ गोष्टी बदलतात. ब्रॅकेट कोणते, आधी वरच्या दातांना की खालच्या, सुरुवात कोणत्या महिन्यात, मेण आणि पट्टी पहिल्याच दिवशी द्यायची का, हे सगळे त्यावरून ठरते. पालकांनी पहिल्या भेटीत वाद्य सोबत न्यावे आणि मुलाला डॉक्टरसमोर दोन मिनिटे वाजवू द्यावे. संगीत शिक्षकालाही तारा बसण्याची तारीख आधी सांगावी, म्हणजे त्या महिन्यात बिघडलेल्या सुरासाठी मुलाला बोलणी बसणार नाहीत. दात सरळ होण्यासाठी दोन वर्षे द्यायला मूल तयार असते. त्या बदल्यात त्याची बासरी जाऊ नये, एवढी काळजी मोठ्यांनी घेतली तरी पुरे.