बाबागाडी घ्यायची, पण कोणत्या रस्त्यासाठी?

गेल्या महिन्यात आमच्या दोन्ही मुलांचे डोस एकाच दिवशी होते. धाकटीचा चौदा आठवड्यांचा आणि थोरल्याचा बूस्टर, जो १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी कामावर होतो. एवढ्या जवळच्या भाड्याला रिक्षावाले थांबेनात. शेवटी पत्नीने धाकटीला छातीशी धरलं, थोरल्याचं मनगट पकडलं आणि निघाली. अर्ध्या वाटेत साहेब रस्त्यातच फतकल मारून बसले. एक मूल खांद्यावर झोपलेलं, दुसरं जमिनीवर लोळतंय आणि मागून दुचाक्यांचे हॉर्न. ती तशीच परत फिरली. संध्याकाळी मला तिने एवढंच विचारलं, "आता दोन-तीन वर्षं मी एकटीने घराबाहेर पडायचंच नाही का?"

त्या रात्री आम्ही डबल बाबागाडी शोधायला बसलो.

अम्मीला हे नखरे वाटले. "आम्ही पाच पोरं वाढवली, एक कडेवर, एक बोटाला. गाडी कुणी पाहिली होती?" अम्मीचं खोटं नाही. पण तेव्हा घरात दादी होती, दोन फुफ्या होत्या, शेजारची खाला हाक मारली की यायची. अम्मी बाजारात गेली तर मागे मुलांसाठी चार मांड्या होत्या. आज आम्ही दोन खोल्यांत चौघं राहतो आणि अम्मी गावी असते. गाडी ही चैन आहे, असं म्हणणाऱ्याने त्या चार मांड्यांचाही हिशोब करावा.

आता गाडीचं. दोन प्रकार असतात. एकात मुलं शेजारी-शेजारी बसतात, दुसऱ्यात पुढे-मागे. दुकानात शेजारी-शेजारीवाली छान दिसते. भावंडं एकमेकांकडे बघतात, वळवायलाही ती हलकी जाते. मी टेप घेऊन घरी आलो आणि लिफ्टचं दार मोजलं. २८ इंच. गाडी ३० इंचांची. विषय संपला. आमच्या जुन्या इमारतींमधल्या कित्येक घरांत तो तिथेच संपेल. म्हणून माझं सांगणं असं की दुकानात जाण्याआधी लिफ्ट, जिन्याचं वळण आणि घराची चौकट मोजा. रंग मग बघा.

पुढे-मागेवाली अरुंद असते, पण लांब. फूटपाथवर चढवताना हँडल दाबून पुढची चाकं उचलावी लागतात आणि दोन मुलांच्या वजनाने मनगट भरून येतं. तान्ह्या बाळासाठी एक अट मात्र सोडू नका. साधारण सहा महिन्यांपर्यंत बाळाला सपाट झोपवता आलं पाहिजे. मान सावरत नाही तोवर बसत्या सीटवर त्याची हनुवटी छातीवर पडते आणि श्वासाला अडथळा होऊ शकतो. दुकानदार "थोडी मागे जाते ना सीट" म्हणेल. थोडी चालत नाही. पाच पट्ट्यांचा बेल्ट हवा. भाजीची पिशवी हँडलला लटकवू नये, मूल उचललं की गाडी मागे उलटते. ऊन लागतं म्हणून वरून ओढणी टाकून गाडी झाकूही नये, आत उकडतं. आणि बुरखा वापरणाऱ्या बहिणींनी चालवून बघताना घेर चाकात जातो का, हे पाहावं. ही गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते.

चाकांबद्दल मात्र मला खरं ज्ञान दिलं ते आमच्या गल्लीतल्या केळीवाल्या चाचांनी. मोबाइलवरचे फोटो बघून ते हसले. "ही चाकं मॉलची आहेत, बेटा. खड्ड्यात गेलं की अडकलं." तीस वर्षं हातगाडी ढकललेला माणूस. मोठं चाक, रबरी, आणि मागचं पुढच्यापेक्षा मोठं, हा त्यांचा सल्ला.

हलकी, घडी होणारी बाबागाडी ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान अभियंत्याने १९६५ च्या सुमारास बनवली. लेकीला जड गाडी ओढताना पाहून या आजोबाने डोकं चालवलं. पण त्याच्या देशात गाडीखाली फूटपाथ होता. आपल्याकडे तो कागदावर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मोकळा फूटपाथ हा पादचाऱ्यांचा कलम २१ खालचा हक्क असल्याचं म्हटलं. आमच्या रस्त्यावरचा फूटपाथ गुडघ्याच्या जवळ पोहोचतो आणि दर वीस पावलांवर तुटतो.

असं म्हटलं की लोक लगेच हातगाडीवाल्यांकडे बोट दाखवतात. मी मोजलं. दवाखान्यापर्यंत हातगाड्या तीन, त्याही कडेला. फूटपाथवर उभ्या दुचाक्या एकेचाळीस. जुम्म्याला तर आपणच दुचाकी फूटपाथवर चढवून नमाजला आत जातो. वाटेतला अडथळा बाजूला करणं ईमानचा भाग आहे, ही हदीस आपल्याला पाठ असते. मशिदीच्या विश्वस्तांशी मी यावर बोललो. पुढच्या जुम्म्यापासून दोन मुलं पार्किंगला उभी करू, असं ते म्हणाले. बघू.

आम्ही शेवटी पुढे-मागेवाली जुनी गाडी घेतली, दुसऱ्या कुणाच्या मुलांनी वापरून सोडलेली. थोरला वर्षभरात गाडीत बसायला नकारच देणार, मग नव्यासाठी दुप्पट पैसे का घालायचे? ब्रेक आणि बेल्ट तपासले, मागची चाकं बदलून घेतली. ज्यांना एवढंही शक्य नाही त्यांनी धाकट्याला छातीशी बांधायची झोळी आणि थोरल्याला साधी गाडी, असं करावं. आमच्या मजल्यावरची एक बहीण तसंच करते आणि तिचं छान चाललंय.

मंगळवारी पत्नी दोघांना घेऊन एकटी गेली. फूटपाथ सोडून रस्त्याच्या कडेने. दवाखान्याच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, तिथे वॉचमनने पुढून गाडी उचलली. दोन्ही डोस झाले. येताना चाचांनी चाकं वाकून तपासली आणि थोरल्याच्या हातात एक केळं दिलं. त्या तीन पायऱ्यांशेजारी उतार करून द्यावा म्हणून मी दवाखान्यात अर्ज दिलाय. उत्तर अजून यायचंय.