पिशवीवरचा चेहरा

मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून गेलेले जीव, घोडबंदर रस्त्यावरची मेट्रोची चाचणी, लांबतच गेलेल्या महापालिका निवडणुका, सगळ्यावर या अंकात पुढे लिहिले आहेच. आम्हाला खुपले ते वेगळेच. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाडा पाण्याखाली गेला आणि धाराशिवला पोहोचलेल्या मदतीच्या पिशव्यांवर उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि पालकमंत्री प्रताप सरनाईक यांचे फोटो दिसले. टीका झाली, तेव्हा फोटो कशाला बघता, आत काय आहे ते बघा, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. दोन्ही नेते ठाण्याचे आणि ही रीतही ठाण्याचीच.

तर आतच बघू. ठाण्यात नेते आणि उत्सव मंडळे वाटतात त्या दिवाळीच्या खोक्यात रवा, मैदा, साखर, तेलाची पिशवी आणि उटण्याची पुडी असते. सण साजरा होतो, नाही असे नाही. पण घर अडते ते भाड्यापाशी, फीपाशी, डायलिसिसला नेण्या-आणण्याच्या रिक्षाभाड्यापाशी. जूनमध्ये वह्या मिळतात, मुखपृष्ठावर पुन्हा चेहरा; फी आईबापांनीच भरायची. शिवाय कालपर्यंत मंडळाला वर्गणी देणारे, आज नोकरी गेलेले घर फ्लेक्सखालच्या रांगेत उभे राहतच नाही. म्हणजे फोटो नुसता दिखाऊपणा करत नाही, मदत कोणाला पोहोचणार हेही तोच ठरवतो.

यावर कार्यकर्ते म्हणतात, फोटो नसेल तर देणगीदार हिशेब मागतात. मागावाच. पण फी शाळेच्या नावाने चेकने भरली की पावती मिळते, मंडळाच्या हिशेबाचे ऑडिटही करता येते. त्यासाठी एखाद्या बाईच्या हातात खोके देऊन तिला कॅमेऱ्याकडे बघायला लावण्याची गरज नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: हे काम सरकारचे. खरेच आहे, आणि कायदाही आहे. धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. मात्र उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडून आणायचा आणि रुग्ण आधीच दाखल झालेला. तिथे पैशाआधी लागतो कागद घेऊन धावणारा माणूस, आणि असली माणसे मंडळांकडे जेवढी आहेत तेवढी कोणाकडे आहेत?

ठाण्यातल्या टेंभी नाक्याला असे बारमाही धावून जाणे नवे नाही. 1978 मध्ये शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी इथला नवरात्रोत्सव सुरू केला, पण लोक त्यांच्या आनंद आश्रमात जात ते नवरात्र संपल्यावरही, गाऱ्हाणी घेऊन. त्यातही व्यक्तिमाहात्म्य होतेच, आम्ही ते नाकारत नाही. तरी गरजवंताच्या वेळेला किंमत होती. नाक्यावरचे विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचे जिल्हा रुग्णालय नवी इमारत बांधण्यासाठी मनोरुग्णालयाच्या आवारात हलवले गेले, तेव्हा गरीब रुग्णाची पायपीट वाढली. एखाद्या मंडळाने वर्गणीतला ठरावीक वाटा आणि दोन जाणकार कार्यकर्ते रुग्णालयात बाराही महिने ठेवले, तर मंडपाची उंची कमी होईल, एवढेच.

या अंकाचा विषय ‘उंबरठा’ आहे. मदत त्याच्या आत शिरताना कशी शिरते, म्हणून हा प्रपंच. निवडणुका तोंडावर आल्या की खोकी वाढतात. वाचकांनी ती जरूर घ्यावीत. फोटोला मात्र नाही म्हणावे आणि खोके देणाऱ्याला जूनमध्ये फी कधी भरणार, ती तारीख विचारावी.